आत्यांचं अस्तर

सासूबाई बऱ्या झाल्या आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. हे तोंडाने बोलायची सोय नाही. बोललेच तर ऐकणारी बाई आधी इकडेतिकडे बघते आणि मग म्हणते, अहो असं काय, नव्वदीपुढचं माणूस घरात असणं म्हणजे भाग्य. सांगलीत आता अशी भाग्यवान घरं गल्लोगल्ली झाली आहेत. आमच्या एका इमारतीत सोळा बिऱ्हाडं आणि त्यांत नव्वदीच्या पुढची अकरा माणसं. त्यांचं करणाऱ्या आम्ही, साठी-पासष्टीच्या. मी पासष्ट वर्षांची आहे आणि अजून सूनबाईच आहे.

माझं नाव हेमलता खटावकर. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये मुलींना कटिंग-टेलरिंग शिकवलं. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई द्वारकाबाई, वय चौऱ्याण्णव. आमच्यात सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. माझे यजमान शशिकांत पाच वर्षांपूर्वी, २०३६ साली गेले. मुलगी केतकी नागपूरला असते आणि दर रविवारी फोन करून मला पाणी जास्त पी म्हणून सांगते.

लग्नानंतर पहिली पस्तीस वर्षं आत्यांनी मला नावाने हाक मारली नाही. माझी भाकरी जाड, माझा आवाज मोठा, माझी नोकरी म्हणजे घराबाहेर पडायचं निमित्त. मी शिवलेलं एकही पोलकं त्यांनी अंगाला लावलं नाही. घरात शिकवणारी शिंपीण असताना त्या कापड घेऊन बाजारातल्या टेलरकडे जायच्या आणि येताना मुद्दाम माझ्या मशीनवर पिशवी ठेवायच्या. मी काही गरीब गाय नव्हते. मीही बोलायचे. पण दिवस सरला की हिशेब मांडायची मला सवय नाही, तेव्हा ते राहू द्या.

मग २०३५ साली त्यांचं डोकं धुकट व्हायला लागलं. आधी चष्मा हरवला, मग वार हरवला, मग साल. शेवटी मी हरवले. एका सकाळी त्या माझ्या मशीनपाशी आल्या. उंदराच्या शेपटीएवढी पांढरी वेणी हातात धरलेली.

“अक्का, येणी घाल की. शाळंला उशीर व्हतोय.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी गेली असं मी कधीतरी ऐकलं होतं. मी काय करणार? कंगवा घेतला आणि जमेल तसं म्हणाले, “इकडं तोंड कर, द्वारके.”

आणि ती हसली. मला वाटतं, माझ्याकडे बघून ती हसल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चार वर्षं रोज सकाळी मी द्वारकेची वेणी घातली. खोबरेल कोमट करून टाळूवर घालायचे, मग तीन पेड, मग माझ्या शिवणाच्या डब्यातली लाल रिबन. कातरणांतून तिला एक बाहुली शिवून दिली होती. त्या बाहुलीला पोलकी, परकर सगळं झालं. मी मशीन चालवायचे तेव्हा ती स्टुलावर बसून दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावायची आणि पुन्हा विस्कटायची. शशिकांत गेले त्या दिवशी ती त्यांच्या उशाशी बसून होती. मला हळूच म्हणाली, “अक्का, ह्यो बाबा कोण? लई चांगला दिसतोय गं.” मी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? त्या रात्रीनंतर घरात मला माणूस म्हणून तीच राहिली. सरळच सांगते, माझा तिच्यावर जीव जडला होता. पोटच्या पोरीवर जडतो तसा.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप यायला लागले. महिन्यात दोनदा, तीनदा. थंडी वाजायची, डोळे फिरायचे. मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर कोरे वयाने लहान होते. मी टेलरिंग शिकवायचे हे कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, कारण समजावून सांगायला काहीतरी मिळालं.

“आतड्याची आतली भिंत किती जाड असेल, काय वाटतं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“बोटभर?”

“एका पेशीची. केसाहून बारीक. तिच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला रक्त. त्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. आणि वरून एक बुळबुळीत थर, श्लेष्म्याचा. तुमच्या ब्लाउजला असतं तसं अस्तर समजा.”

मग त्यांनी सांगितलं की नव्वदीनंतर हे अस्तर विरतं आणि टाके उसवतात. जिवाणू आत शिरले नाहीत तरी त्यांचे बारीक तुकडे रक्तात झिरपत राहतात. शरीराला वाटतं हल्ला झाला, आणि ते चोवीस तास लढत बसतं. हा मंद जाळ स्नायू खातो, हृदय दमवतो, मेंदूवर धूर धरतो. कधी एखादा जिवंत जिवाणूच भिंत ओलांडतो आणि मग असा ताप येतो. एखाद्या तापात माणूस जातं. इतकी वर्षं आपण त्याला म्हातारपण म्हणत होतो, ते म्हणाले.

त्यावर आता उपाय निघाला होता. नव्वदीपुढच्यांना सरकारी योजनेतून मिळत होता आणि लोक त्याला सरळ अस्तराचा डोस म्हणत होते. प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू कॅप्सूलमधून तीन आठवडे द्यायचे. ते श्लेष्म्याच्या थरात वस्ती करतात. आपण खाल्लेल्या धान्याचा, भाजीचा जो चोथा आपल्याला पचत नाही तो त्यांना लागतो. तो खाऊन ते एक आम्ल बनवतात आणि आतड्याच्या पेशी त्या आम्लावर जगतात. शिवाय ते एक प्रथिन सोडतात. त्याने उसवलेले टाके पुन्हा घट्ट होतात.

“एकच अट,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना रोज चोथा मिळाला पाहिजे. ज्वारी-नाचणीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाजी. चार-पाच दिवस मिळाला नाही, तर ते उपाशी मरत नाहीत. ते अस्तरच खायला लागतात.”

“म्हणजे शिंप्यानेच कापड खायचं.”

ते हसले. “तसंच. ताप मात्र थांबतील. आणि काही जणांचं डोकंही बरंच साफ होतं.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी वर एक भेट दिल्यासारखं सांगितलं. मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष बाकावर बसलेल्या द्वारकेकडे होतं. ती बाहुलीला माझ्या रुमालात गुंडाळत होती. तापात ती जाऊ नये एवढंच मला हवं होतं. मी सही केली.

सातव्या आठवड्यात एका सकाळी मी तिच्या केसांतून कंगवा फिरवत होते. मान एकदम ताठ झाली.

“काय कराय लागलीस माझ्या केसास्नी?”

“वेणी घालतेय, द्वारके.”

“कोण द्वारके? सासूला नावानं हाका मारायला कवापासनं लागलीस गं?” त्यांनी कंगवा हाताने ढकलला. वेणी पुढे ओढून बघितली. “आन् ही रिबन कशाला? तमाशात नाचायचं हाय व्हय मला?”

मी रिबन सोडून घेतली.

“शशी कुठाय?” त्यांनी विचारलं.

तीन वर्षं झालेलं मरण मी त्यांना त्या सकाळी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांना काहीतरी आठवत गेलेलं चेहऱ्यावर दिसलं.

“मी तितंच हुते,” त्या म्हणाल्या. “लेकाच्या मयताला मी शेजारची पोर बसावी तशी बसले. आन् तू मला सांगितलं न्हाईस.”

“सांगून तुम्हाला कळलं नसतं, आत्या.”

“ते तू ठरवायचं व्हय?”

त्या दिवसापासून माझी भाकरी पुन्हा जाड झाली. शेजारणी भेटायला आल्या, वा वा म्हणाल्या, एकीने पेढे आणले. योजनेवाल्यांनी माहितीपत्रकासाठी आत्यांचा फोटो काढला आणि मागे मी उभी. जिला वाचवायला मी सही केली होती तीच गेली होती. तिचं सुतक धरायचीही सोय नव्हती, कारण ती समोर बसून माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणत होती. बाहुली मी मशीनच्या खणात ठेवली. आत्यांनी ती कधी विचारली नाही.

योजनेची नर्स दर पंधरा दिवसांनी घरी यायची. सायरा मुल्ला तिचं नाव, मिरजेची, कामाला चोख. शिवाय योजनेने फोनवर एक फॉर्म दिला होता. रोज संध्याकाळी सातला तो तीन प्रश्न विचारायचा. आज तीन वेळा खाल्लं का? पोट भरलं का? काही त्रास झाला का? हो, हो, नाही. दोन वर्षं मी हे तीन शब्द दाबत आले.

डोसनंतर दोन वर्षं अशक्तपणामुळे उपवास बंद होते, यंदाच्या श्रावणात आत्यांनी पुन्हा सोमवार धरले. आमच्याकडे उपवास म्हणजे साबुदाणा. दात नाहीत आणि दाण्याच्या कुटाने घशाशी येतं, म्हणून त्यांच्यासाठी साबुदाण्याची खीर करायची, सकाळी वाटीभर आणि संध्याकाळी वाटीभर, मधे कुस्करलेला बटाटा आणि ताक. चौथ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मी त्यांना चहा द्यायला गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “अक्का, आज शाळा हाय का गं?”

मी कप खिडकीत ठेवला. दुपारपर्यंत ती होती. मग दुपारच्या जेवणाला नाचणीची भाकरी पोटात गेली आणि संध्याकाळपर्यंत आत्या परत आल्या.

पुढच्या फेरीला मी सायराला सांगितलं. सगळं सांगितलं नाही, उपवासाचं तेवढं सांगितलं.

“मावशी, साबुदाणा म्हणजे नुसता पांढरा स्टार्च,” सायरा म्हणाली. “वरच्यावर पचून जातो, खाली आतड्यातल्या त्या जिवाणूंपर्यंत कायच पोचत नाही. एखाद्या सोमवारनं काय होत नाही, ह्यांचं अस्तर पातळ हाय म्हणून तेवढं जाणवलं असंल. पण आता नवरात्र येतंय. नऊ दिवस असं करू नका हं. करायचाच असला उपवास तर राजगिऱ्याची भाकरी द्या दुधात कुस्करून, रताळं द्या सालीसकट. ते चालतं तुमच्यात उपवासाला. नाहीतर ह्यांना दवाखान्यात न्यायची वेळ येईल.”

आत्या पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. सायराने त्यांची चादर सारखी केली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून राजगिऱ्याचं पीठ आणलं, अर्धा किलो. डब्यात भरलं, डबा फळीवर ठेवला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाल्या, “नऊ दिवस धरणार हाय. चौदाव्या वर्षापासनं कवा चुकवलं न्हाई. मधी सहा वरसं चुकलं तेवढं बास.”

“आत्या, सायरा म्हणत होती...”

“तिला काय करायचंय आपल्या देवाचं? खीर कर.”

इथे मी थांबून सांगते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. राजगिऱ्याचा डबा माझ्या डोळ्यांसमोर होता. हात वर केला असता तर लागला असता. दुधात कुस्करलेली राजगिऱ्याची भाकरी त्यांनी खाल्ली असती की नसती हा पुढचा प्रश्न. मी विचारलंच नाही. खाली वाकून साबुदाण्याचा डबा काढला आणि भिजत घातला. मला तिला बघायचं होतं. चार-पाच दिवस तरी. दवाखान्याचं सायरा म्हणाली ते मी ऐकलं होतं, आणि ऐकून मनाच्या मागच्या खोलीत टाकलं होतं.

घट बसले. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, मधे मातीचा घट. पहिले तीन दिवस आत्या नेहमीच्याच होत्या. आरतीत मी कुठलं कडवं गाळलं ते सांगत होत्या. खिरीत वेलदोडा जास्त होता. फॉर्म विचारत होता, तीन वेळा खाल्लं का? हो. पोट भरलं का? हो. एक अक्षर खोटं नव्हतं. ज्यांनी तो फॉर्म बनवला त्यांना वाटलं असणार की उपवास करणारं माणूस काही खात नाही. वाटीभर खीर ओरपून ढेकर देतं आणि तरी उपवासच असतो, हे त्यांना कोण सांगणार? मला सांगता आलं असतं. तो मजकूर लिहायला फॉर्मच्या खाली जागाही होती.

पाचव्या दिवशी सकाळी घटाभोवतीचं धान बोटभर वर आलं होतं. मी पाणी शिंपडत होते आणि मागून आवाज आला.

“अक्का, ह्ये आपण पेरलं?”

मी वळले. ती उभी होती, वेणी हातात धरून.

“हो गं द्वारके. आपणच पेरलं.”

मी खणातून बाहुली काढली. रिबन काढली. खोबरेल कोमट केलं. ती माझ्या पुढ्यात बसली आणि मी तीन पेड घातले, आणि माझे डोळे असे भरून आले की मला तिची टाळू दिसेना. त्या दिवशी आम्ही रिळं लावली. ती मला म्हणाली, अक्का तू मोठी झाल्यावर कुठे जाणार? मी म्हणाले, कुठेच नाही.

पाचव्या दिवशी मला थांबता आलं असतं. भाकरी दिली असती तर कदाचित सगळं सावरलं असतं. मी पाचव्या दिवशी खीर केली, सहाव्या दिवशी केली, सातव्या दिवशीही केली. रोज म्हणायचे, उद्यापासून. तीन दिवस मी सुखात होते, आणि त्या सुखाची मला अजून लाज वाटत नाही. पुढच्या गोष्टीची वाटते.

अष्टमीच्या दुपारी तिला थंडी वाजायला लागली. गादीसकट पलंग हलत होता. रुग्णवाहिकेत तिने माझा हात सोडला नाही.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर कोऱ्यांनी रिपोर्ट बघितला आणि मान हलवली.

“नवरात्र?”

“हो.”

“साबुदाणा?”

“खीर.”

“या आठवड्यात ह्या चौदाव्या,” ते म्हणाले. “चौदाच्या चौदा बायका. आणि चौदाही जणींचे फॉर्म अगदी स्वच्छ. चूक आमचीच आहे हो. उपवासाचा प्रश्न फॉर्ममध्ये घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.”

सायरा मागेच उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. राजगिऱ्याचं तिला आठवत असणार. ती सलाईनची नळी नीट करून निघून गेली. ती चार शब्द बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. रक्तात जिवाणू शिरले होते. औषधांनी ते मारता येतील, पण त्याच औषधांनी अस्तराचे जिवाणूही मरणार. नंतर डोस पहिल्यापासून द्यावा लागेल. तो लागला तर माणूस पूर्वीसारखं, अगदी शुद्धीवर. नाही दिला तर आज नाही तर महिन्याभरात दुसरा ताप.

“चौऱ्याण्णव वय आहे,” ते म्हणाले. “काही घरांनी नको म्हणून सांगितलं. आम्ही कुणाला आग्रह करत नाही. तुम्ही ठरवा.”

मी तिच्यापाशी गेले. ती डोळे अर्धे उघडून पडली होती.

“अक्का,” ती म्हणाली, “मला घरला ने की गं.”

घरी नेता येणार होतं. हीच राहिली असती, महिनाभर, आणि मग गेली असती, माझ्या हातात हात देऊन, मला अक्का म्हणत. किंवा मी सही करायची आणि तिला दुसऱ्यांदा घालवायचं, आणि घरी न्यायचं दुसऱ्याच बाईला. कागद समोर होता. मी खूप वेळ पेन धरून बसले असं म्हणायला आवडेल, पण तसं झालं नाही. मी लगेच सही केली. तिला मारायचं काम मी साबुदाण्याच्या वाटीने करू शकत होते, पेनने ‘नको’ लिहून नाही करू शकले. यात काही मोठेपणा नाही. वाटी रोजची असते म्हणून तिची भीती वाटत नाही, एवढंच.

दीड महिना गेला. आम्ही घरी आलो होतो. घटाचं विसर्जन केव्हाच झालं होतं. शेजारणीने उरकलं होतं. रोज दोन वेळा नाचणीची भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. पहिले काही दिवस “अक्का” होतं, मग नुसतं बघणं, मग दोन दिवस काहीच नाही. मग एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत भाकरी कुस्करत होते आणि आतून आवाज आला.

“वेलदोडा लई घालतीस तू खिरीत. आठ दिवस तोंडाला चव न्हवती.”

मी ताट घेऊन आत गेले. आत्या उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे स्वच्छ होते.

“सायरा बोलली तवा मी जागी हुते,” त्या म्हणाल्या.

मी ताट खाली ठेवलं.

“राजगिऱ्याचा डबा मी बी बघितला हुता. फळीवर. कोरा.”

“मग मागितलात का नाही?”

“तू का दिला न्हाईस?”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, स्वतःच्या हातांकडे बघत बोलत राहिल्या.

“मला सगळं आठवतंय. त्या चार वरसांतलं. धुरातनं दिसल्यागत, पर दिसतंय. तेल ऊन करून घालायचीस. बाव्हली शिवलीस. श्रावणात त्या मंगळवारी कळलं मला, कसं जायचं तिकडं. खीर खाल्ली की जाता येतंय.” त्या थांबल्या. “चार वरसं रोज येणी घातलीस. शुद्धीवर आले त्या दिसापासनं एकदा तरी माझ्या डोक्याला हात लावलास का?”

“तुम्हीच कंगवा ढकललात, आत्या.”

“ढकलला. मग? पस्तीस वरसं ढकलतच हुते की. म्हणून तू भाकरी थापायची थांबलीस व्हय?”

दोन वर्षं मी समोर बसलेल्या या बाईचा राग केला, की तिने माझ्या पोरीला खाल्लं. आणि ही इथे बसून तिचाच हेवा करत होती. मरायची तयारी ठेवून वाटी वाटी खीर गिळली तिने, त्या पोरीच्या जागी जाऊन बसायला. मी साबुदाणा भिजवत होते आणि ती खात होती, दोघींना सगळं माहीत होतं आणि दोघी वेलदोड्यावरून बोलत होतो.

“कंगवा आण,” त्या म्हणाल्या.

आणला. खोबरेल कोमट केलं. त्या पाठ करून बसल्या. टाळू तीच होती, उजव्या कानामागचा तीळही तोच. मी तीन पेड काढले. बोटं लाकडाची झाली होती.

“वडू नगंस.”

मी सोडली, पुन्हा घातली.

“अशी न्हाई. तिला घालायचीस तशी.”

“तशीच घालतेय.”

“न्हाई. तवा तू बोलायचीस.” आत्यांची मान थोडी खाली गेली. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “इकडं तोंड कर द्वारके, असं म्हणायचीस. म्हण की.”

मी तोंड उघडलं. मनात तो शब्द होता, चार वर्षं रोज तोंडात असलेला. द्यायला काय लागत होतं? देवाशपथ, मला तो द्यायचा होता. मी वेणीचं टोक धरून उभी राहिले आणि त्या वाट बघत राहिल्या.

“इकडं तोंड करा, आत्या,” मी म्हणाले.

मग हात मागे आणून त्यांनी माझ्या हातातली वेणी काढून घेतली आणि स्वतःच खांद्यावरून पुढे टाकली.

“ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाल्या. “भाकरी आण.”